एपिड्यूरलनंतर बसले की डोके दुखते : बाळंतिणीच्या तक्रारी कोणाला आणि केव्हा सांगाव्यात?

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:४०

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण शनिवारी पहाटे नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयात झाले. कळा फार लांबल्यामुळे तिने एपिड्यूरल (कळांच्या वेदना कमी करण्यासाठी पाठीत बसवलेल्या बारीक नळीतून देतात ती भूल) घेतले होते. बाळ व्यवस्थित आहे, टाकेही फारसे दुखत नाहीत आणि सोमवारी तिला घरी सोडले. मात्र रविवार दुपारपासून तिचे डोके विचित्र दुखते. उशीवरून उठून बसली की मिनिट-दोन मिनिटांत कपाळापासून मानेपर्यंत ठणका सुरू होतो आणि आडवी झाली की पाच-दहा मिनिटांत तो जवळजवळ नाहीसा होतो. कानांत दडे बसल्यासारखे वाटते आणि खिडकीतला उजेड सहन होत नाही. बाळाला ती कुशीवर पडूनच पाजते. काल रात्री न्हाणीघरातून परत येताना तिला खोलीपर्यंतही पोहोचता आले नाही. मधल्या खोलीत सतरंजीवरच ती आडवी झाली.

सुई घालताना भूल देणारे डॉक्टर ‘थोडे पाणी आले, जागा बदलून घालतो’ असे म्हणाल्याचे तिला आठवते. डिस्चार्ज कार्डावर याचा उल्लेख कोठेही नाही. रुग्णालयात फोन केला तेव्हा ‘जागरणाने होते, पॅरासिटॅमॉल द्या’ असे उत्तर मिळाले. आईच्या मते कानांत वारे शिरले आहे, म्हणून तिने डोक्याला घट्ट रुमाल बांधला आहे आणि दोन्ही वेळची शेक-शेगडी चालू ठेवली आहे. वाट पाहावी की परत न्यावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

अबोली७ | मंगळवार, सकाळी ९:०५

माझ्या जावेला सिझरनंतर अगदी असेच झाले होते आणि आठवड्याभरात आपोआप थांबले. तिला डॉक्टरांनी भरपूर पाणी आणि कॉफी प्यायला सांगितली होती. घाबरू नका, परंतु डॉक्टरांना विचारल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहू नका.

भूलवैद्य | मंगळवार, सकाळी ९:५०

रानजाई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि प्रसूतिगृहांतच माझे बहुतेक काम चालते. रुग्ण समोर नसताना निदान करणे योग्य नाही, हे आधी स्पष्ट करतो. तरीही सुई घालताना पाणी येणे, दुसऱ्या दिवशी डोकेदुखी सुरू होणे, आणि ती बसल्यावर वाढून आडवे होताच उतरणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे पहिला संशय मज्जारज्जूच्या आवरणाला पडलेल्या छिद्राचा घ्यावा लागतो. तिला आजच परत न्या. फोनवर ‘डोके दुखते’ एवढेच सांगू नका, कारण त्यावर पॅरासिटॅमॉलचेच उत्तर येते. ‘एपिड्यूरलच्या वेळी पाणी आले होते, बसले की दुखते आणि झोपले की थांबते, आम्हाला भूलतज्ज्ञांशी बोलायचे आहे’ असे नेमके सांगा. आपल्याकडील लहान-मोठ्या खाजगी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर येणारे असतात आणि दिवसभरात अनेक रुग्णालये फिरतात. पाठीतली नळी निघाली की त्यांचा बाळंतिणीशी संबंध संपतो, आणि ही डोकेदुखी नेमकी त्यानंतर सुरू होते. त्यामुळे तक्रार ऐकणारे सगळे असतात, पण ती कोणाची आहे हे ठरलेले नसते. माझ्या मते एपिड्यूरलनंतरच्या गुंतागुंतीतला सर्वांत मोठा दोष हाच आहे.

आता कारण सांगतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि तो ड्यूरा नावाच्या आवरणात बंदिस्त असतो. एपिड्यूरलची सुई या आवरणाच्या अलीकडे, काही मिलिमीटरच्या पोकळीत थांबवायची असते. आत नळी सरकवायची असल्याने ही सुई जाड असते, साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर. कळांमुळे बाई स्थिर बसू शकत नाही आणि पाठीवर सूज असते, अशा वेळी अनुभवी हातानेही सुई क्वचित पुढे जाऊन आवरणाला छिद्र पडते. हे शंभरांत सुमारे एकीच्या बाबतीत घडते आणि ज्यांच्या बाबतीत घडते त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना ही डोकेदुखी होते. छिद्रातून द्रव गळत राहिला की उभ्या स्थितीत मेंदूला मिळणारा आधार कमी होतो, मेंदू किंचित खाली ओढला जातो, त्याभोवतीची आवरणे ताणली जातात आणि तेथील रक्तवाहिन्या फुगतात. झोपल्यावर हा ताण उतरतो. कानांत दडे बसणे, मान आखडणे, मळमळ आणि उजेडाचा त्रास हे सारे त्यातलेच आहे. काही जणींना एकाच्या दोन वस्तू दिसतात, कारण डोळा बाहेरच्या बाजूस वळवणारी नस ताणली जाते. अबोली७ यांच्या जावेला सिझरसाठी बहुधा स्पायनल, म्हणजे पाठीत एकदाच टोचून दिलेली भूल, दिले असेल. त्यात आवरण मुद्दामच भेदतात, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या सुईने, म्हणून डोकेदुखी क्वचित होते आणि झाली तरी बहुधा सौम्य असते.

हे दुखणे पाठीतून देण्याच्या भुलीइतकेच जुने आहे. १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने पाठीतून भूल देण्याचा प्रयोग आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःवर करवून घेतला. पिचकारी सुईला नीट बसली नाही आणि बराच द्रव वाहून गेला. त्यानंतर त्याला कित्येक दिवस उभे राहिले की डोके दुखे आणि आडवे झाले की थांबे. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आणि गळालेल्या द्रवाशी त्याचा संबंधही जोडला.

मात्र बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी सुईमुळे नसते, म्हणून तपासणी हवी. सर्वप्रथम रक्तदाब मोजून घ्या. गरोदरपणात तो कधीही वाढला नसला तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत वाढू शकतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे असेल तर झटके येण्याचा धोका असतो आणि त्याचा उपचार पूर्णपणे वेगळा आहे. ताप, फिट येणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, ग्लानी येणे किंवा आडवे झाल्यावरही न उतरणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका.

जुनी_जाणती | मंगळवार, सकाळी ११:३०

डॉक्टरसाहेब, आमच्या पिढीत ओल्या बाळंतिणीला पाणी मोजून देत. पोट सुटते, टाके चिघळतात असे म्हणत. माझी नात पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे. आपल्या लिहिण्यावरून पाणी वाढवावे असे दिसते. तसे असेल तर घरातल्यांना काय सांगावे? शेक-शेगडी तरी चालेल ना?

भूलवैद्य | मंगळवार, दुपारी १:१५

आजी, आपण विचारलेत हे फार चांगले झाले. बाळंतिणीचे पाणी कधीही तोडू नये. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढलेली असते, आणि शरीरात पाणी कमी पडले तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञ बाळंतिणींमधील हा आजार कित्येक दशकांपासून नोंदवत आले आहेत आणि पाणी तोडण्याच्या चालीकडे त्यांनी वारंवार बोट दाखवले आहे. या गुठळीची पहिली तक्रार बहुधा डोकेदुखीच असते. दुखणे सुरुवातीला बसण्या-झोपण्याने कमी-जास्त होत होते आणि नंतर सतत दुखू लागले, तर हा बदल धोक्याचा समजावा आणि मेंदूचा एमआरआय, शिरांच्या तपासणीसह, करून घ्यावा.

तहान लागेल तेवढे आणि त्याहून थोडे अधिक पाणी, ताक, पेज, डिंकाच्या लाडवासोबत दूध, हे सर्व चालेल. लिटरच्या लिटर पाणी बळजबरीने पाजल्याने छिद्र लवकर बुजत नाही, एवढेही लक्षात असू द्या. शेक-शेगडीला माझी हरकत सुई टोचलेल्या जागेपुरती आहे. ती जागा पहिले काही दिवस कोरडी आणि स्वच्छ ठेवावी, तिच्यावर तेल रगडू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, हे बाळासाठीही आवश्यक आहे.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:२०

तिला दुपारी परत नेले. रक्तदाब ११८/७६ होता, ताप नव्हता, हातापायांची शक्ती तपासली, डोळ्यांची हालचाल पाहिली. भूलतज्ज्ञ संध्याकाळी आले आणि सुईमुळे आवरणाला छिद्र पडल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. गोळ्या आणि कॉफीवर उद्या सकाळपर्यंत पाहू, आराम न पडल्यास तिचेच रक्त काढून पाठीत सोडू, असे ते म्हणाले. हे ऐकून घरात सगळे हबकले आहेत. ज्या सुईने हे झाले तीच पुन्हा घालायची, या कल्पनेने आई रडते आहे आणि मेहुणे म्हणतात की सरळ पंधरा दिवस झोपवून ठेवू. कॉफीने दूध पिणाऱ्या बाळाला त्रास होईल का, हीदेखील शंका आहे.

भूलवैद्य | मंगळवार, रात्री १०:४०

त्यांनी स्वतः येऊन स्पष्ट सांगितले, ही समाधानाची गोष्ट आहे. आता एकेक शंका घेऊ.

पंधरा दिवस झोपवून ठेवणे हा उपचार नाही. अमेरिका आणि युरोपातील भूलशास्त्र संघटनांनी एकत्र येऊन २०२३ मध्ये याच डोकेदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही सक्तीच्या विश्रांतीचा पुरस्कार केलेला नाही. दुखते तेव्हा आडवे व्हावे, सोसवेल तेव्हा उठावे. बाळंतीण सतत पडून राहिली तर पायांच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. बहुतेक जणींची डोकेदुखी दोन आठवड्यांत आपोआप थांबते हे खरे आहे, पण ते दोन आठवडे बाळाला मांडीवर घेता न येता काढायचे असतात. मला हा त्रास क्षुल्लक वाटत नाही.

पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधे अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. आयबुप्रोफेन मात्र पित्त, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचा विचार करून डॉक्टरांनीच ठरवावे. कोडीन असलेल्या गोळ्या पाजणाऱ्या आईने टाळाव्यात, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे मॉर्फीन वेगाने तयार होते आणि ते दुधातून बाळापर्यंत जाते. कॉफीतील कॅफीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडा आराम पडतो. पाजणाऱ्या आईने दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, म्हणजे फिल्टर कॉफीचे साधारण दोन कप. घरातला चहाही त्यातच धरा.

आता रक्ताच्या पॅचविषयी, म्हणजे स्वतःचेच रक्त पाठीत सोडण्याच्या उपायाविषयी. १९६० मध्ये जेम्स गॉर्मली या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या लक्षात आले की सुई घालताना थोडे रक्त आले असेल तर अशा रुग्णांना नंतर डोकेदुखी कमी होते, आणि त्याने रुग्णाचेच दोन-तीन मिलिलिटर रक्त त्या जागी सोडून पाहिले. आज १५ ते २० मिलिलिटर वापरतात. बाई कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपते किंवा बसते. एक डॉक्टर पाठीत सुई घालतात आणि त्याच वेळी दुसरे डॉक्टर, शस्त्रक्रियेसाठी करतात तेवढीच स्वच्छता पाळून, हाताच्या शिरेतून रक्त काढतात. ते रक्त सावकाश सोडले जाते. पाठीत दडपण किंवा दुखणे जाणवू लागले की तिने लगेच सांगायचे आणि डॉक्टरांनी थांबायचे, मग २० मिलिलिटर पूर्ण झालेले असोत वा नसोत. सुई यावेळीही आवरणाच्या अलीकडेच थांबवायची असते. आत गेलेले रक्त द्रवावर बाहेरून दाब देते, त्यामुळे अनेकींना काही मिनिटांतच डोके हलके वाटते. पुढे गुठळी बसून छिद्र झाकले जाते. नंतर एक-दोन तास आडवे राहायचे.

यशाची खात्री कोणी देऊ नये. जाड सुईच्या छिद्रानंतर एका पॅचने पूर्ण आणि कायमचा आराम सुमारे एक तृतीयांश जणींना पडतो. थोडा किंवा पूर्ण आराम धरला तर ५० ते ८० टक्के जणींना फायदा होतो. काहींना दुसरा पॅच लागतो. पहिल्या २४ तासांत घाईने केलेला पॅच कमी टिकतो. आपल्या बहिणीची डोकेदुखी सुरू होऊन दोन दिवस होऊन गेले आहेत, म्हणजे उद्याची वेळ योग्य आहे. काही दिवस कंबर आखडणे हा नेहमीचा त्रास आहे. पुन्हा छिद्र पडणे, जंतुसंसर्ग आणि नसेला इजा हे धोके क्वचित आढळतात, पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते समजावून घ्या. ताप असेल, रक्तात जंतुसंसर्गाची शंका असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ होण्याची इंजेक्शने चालू असतील तर पॅच करत नाहीत. हा निर्णय तिचा आहे. आईंना आणि मेहुण्यांना समजावून सांगा, पण तिला काय वाटते ते आधी तिलाच विचारा.

यॉर्कशायरकर | बुधवार, पहाटे ३:१०

मी इंग्लंडमध्ये राहते आणि माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मला हाच त्रास झाला होता, म्हणून येथील पद्धत सांगते. एपिड्यूरल घेतलेल्या प्रत्येकीला दुसऱ्या दिवशी भूल विभागातले कोणीतरी भेटून जाते आणि डोकेदुखी, पाय, लघवी यांविषयी विचारते. आवरणाला छिद्र पडल्याचे मला त्याच वेळी सांगितले होते आणि घरी जाताना माहितीपत्रक, चोवीस तास चालू असणारा दूरध्वनी क्रमांक आणि माझ्या कुटुंबवैद्यांच्या नावे पत्र दिले होते. हा शिस्तीचा आग्रह उगीच आलेला नाही. येथील मातामृत्यूंच्या चौकशीचा जो अहवाल २०१४ मध्ये आला, त्यात अशा छिद्रानंतर मेंदूतील गुंतागुंत होऊन दगावलेल्या दोन मातांची नोंद होती, आणि या स्त्रियांचा पाठपुरावा घरी गेल्यानंतरही व्हावा असे त्यात बजावले होते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहज करता येण्याजोगी आहे. येथील २०२० च्या मार्गदर्शनानुसार एपिड्यूरलचा शेवटचा डोस दिल्यापासून चार तासांनी बाईला गुडघा न वाकवता एकेक पाय पलंगावरून उचलायला सांगतात. न उचलता आला तर भूलतज्ज्ञांना कळवतात. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

भूलवैद्य | बुधवार, सकाळी ७:४५

यॉर्कशायरकर, पाय उचलून पाहण्याची आठवण आपण करून दिलीत याबद्दल मनापासून आभार. ही तपासणी कशासाठी, ते सांगतो.

एपिड्यूरलच्या जागी रक्तस्राव होऊन गाठ साचली तर ती मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसा दाबते. असे क्वचितच घडते. सुमारे १३ लाख ७० हजार बाळंतिणींच्या माहितीचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित अभ्यास पाहिला तर अशी रक्ताची गाठ १,६८,००० मध्ये एकीला आणि खोलवर पू होण्याचा प्रकार १,४५,००० मध्ये एकीला आढळतो. पण गाठ झाली तर पायांची शक्ती परत येण्यासाठी साधारण ८ ते १२ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दाब काढावा लागतो. म्हणून ‘भुलीचा अंमल अजून उतरला नसेल’ असे समजून रात्र काढणे घातक ठरते. भूल उतरायला हवी त्या वेळी उतरत नसेल, किंवा एकदा उतरून पाय पुन्हा जड होऊ लागले, कंबरेत तीव्र कळ आली, बसण्याच्या जागेभोवती बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच तासात एमआरआय आणि मणक्याच्या शल्यचिकित्सकाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. रक्त पातळ करणारी कमी रेणुभाराच्या हेपॅरिनची (उदा. एनॉक्सापॅरिन) इंजेक्शने चालू असतील तर विशेष दक्षता लागते. प्रतिबंधक डोसनंतर १२ तास होईपर्यंत पाठीतली नळी काढत नाहीत आणि नळी काढल्यानंतर किमान चार तास पुढचा डोस देत नाहीत. डिस्चार्जच्या गडबडीत नळी उपटून टाकण्याची घाई कोणी करू नये.

पू होण्याचा प्रकार मात्र सावकाश, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही उद्भवतो. ताप, सुईच्या जागी वाढती ठणक, लाली किंवा स्राव दिसला तर तो ‘दुधाचा ताप’ म्हणून अंगावर काढू नये.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी १०:२५

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणींच्या मनात एक गैरसमज पक्का असतो, म्हणून लिहिते. कोणाची मांडी बाहेरच्या बाजूने बधिर होते, कोणाला जिना चढताना गुडघा लचकतो, तर कोणाचा पाऊल उचलणारा स्नायू निकामी झाल्याने चालताना पुढचा पाय घासतो आणि चप्पल पायातून निसटून मागे राहते. घरचे सर्व जण पाठीतल्या इंजेक्शनला दोष देतात. परंतु बहुतेक वेळा ही इजा बाळाच्या डोक्याचा ओटीपोटातील नसांवर पडलेला दाब, किंवा कळा देताना मांड्या फार वेळ आवळून धरल्याने ताणलेली नस, यांमुळे झालेली असते. शिकागोमधील सहा हजारांहून अधिक बाळंतिणींच्या अभ्यासात (२००३) शंभरांत सुमारे एकीला अशी इजा आढळली आणि तिचा संबंध पहिले बाळंतपण व लांबलेला ढकलण्याचा टप्पा यांच्याशी दिसला, एपिड्यूरलशी नव्हे.

एपिड्यूरलचा अप्रत्यक्ष संबंध एवढाच की पाय बधिर असताना बाईला अवघडल्याचे जाणवत नाही, म्हणून तिची स्थिती अधूनमधून बदलणे हे सोबतच्या माणसांचे काम होते. बहुतेक इजा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत भरून येतात. तोपर्यंत घोट्याला आधार देणारी पट्टी आणि नियमित व्यायाम आवश्यक असतो, आणि पाय पुरता सावरेपर्यंत बाळाला कडेवर घेऊन जिना उतरू नये. तरीही निदान आधी डॉक्टरांकडून व्हावे, कारण वर सांगितलेली गंभीर कारणे वगळल्याशिवाय व्यायाम सुरू करणे बरोबर नाही.

सातारची_परिचारिका | बुधवार, दुपारी १२:५०

प्रसूती कक्षातील कामाच्या अनुभवावरून लघवीविषयी लिहिते, कारण बायका हे बोलत नाहीत. एपिड्यूरलमुळे मूत्राशय भरल्याची जाणीव काही तास नसते. प्रसूतीनंतर किंवा लघवीची नळी काढल्यानंतर सहा तासांत व्यवस्थित लघवी झाली नाही, किंवा थोडी-थोडी गळत राहिली आणि बेंबीखाली फुगवटा हाताला लागला, तर ताबडतोब सांगावे. ‘थेंब थेंब होते आहे, म्हणजे होते आहे’ असे समजू नये. मूत्राशय तुडुंब भरल्यावरही तसेच होते. एकदा ते प्रमाणाबाहेर ताणले गेले तर पूर्ववत व्हायला फार दिवस लागतात. नळी पुन्हा घालायला लागली तर लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

निशिगंध_वाडी | बुधवार, दुपारी ४:००

डॉक्टर, कंबरदुखीचे काय? आमच्या गावात ‘मणक्यात सुई घेतली की कंबर जन्माची गेली’ असेच म्हणतात.

भूलवैद्य | बुधवार, संध्याकाळी ६:३०

सुईच्या जागी काही दिवस हुळहुळते, हे खरे आहे. कायमच्या कंबरदुखीची भीती पसरण्यात १९९० मध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या एका मोठ्या पाहणीचाही वाटा आहे. त्यात एपिड्यूरल घेतलेल्या स्त्रियांमध्ये दीर्घकाळची कंबरदुखी अधिक आढळली होती. परंतु ती पाहणी स्त्रियांच्या आठवणींवर आधारलेली होती. पुढे एपिड्यूरल द्यायचे की दुसरा वेदनाशामक उपाय करायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून जे प्रयोग झाले आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत दोन्ही गटांची कंबर सारखीच दुखत होती. गरोदरपणात सैल झालेले सांधे, सुटलेले पोट, वाकून बाळाला अंघोळ घालणे आणि पाठीला आधार न घेता तासन्‌तास पाजणे ही कारणे सुईपेक्षा कितीतरी मोठी आहेत. पाजताना मांडीवर उशी आणि पाठीशी भिंत घ्यावी.

रानजाई | गुरुवार, सकाळी ११:१५

काल सकाळी बहिणीने स्वतःच पॅच करून घ्यायचे ठरवले. सतरा-अठरा मिलिलिटर रक्त गेल्यावर तिला कंबरेत दडपण जाणवले आणि डॉक्टर तेथेच थांबले. तासाभराने उठवले तेव्हा डोके दुखत नव्हते. रात्री थोडे जड वाटले, पण आज सकाळी तिने पाटावर बसून बाळाला पाजले आणि वरणभातही बसूनच जेवली. कानांतले दडे अजून पूर्ण गेलेले नाहीत. भूलतज्ज्ञांनी कार्डावर सर्व लिहून स्वतःचा क्रमांक दिला आहे. आईने रुमाल सोडला. आपणा सर्वांचे उपकार मानावे तेवढे थोडेच आहेत. आता पुढे काय जपायचे, आणि पुढच्या बाळंतपणात तिला एपिड्यूरल घेता येईल का, हे सांगाल का?

भूलवैद्य | गुरुवार, दुपारी २:००

वाचून फार बरे वाटले. पहिले दोन-तीन दिवस पाण्याची बादली, भरलेला कुकर, गादी असले ओझे उचलू नये आणि कमरेतून वाकू नये. खाली ठेवलेले बाळ दुसऱ्याने उचलून तिच्या हातात द्यावे. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून भाज्या, फळे आणि पाणी भरपूर द्या, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक द्या. कानांतले दडे काही दिवसांत कमी होतात. तसे न झाल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोकेदुखी पूर्ण परतली तर दुसऱ्या पॅचचा विचार दोनेक दिवसांनी करता येतो.

पुढचे काही आठवडे तिला अधूनमधून विचारत राहा. मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साचण्याचा प्रकार या डोकेदुखीनंतर क्वचित, पण उशिरा दिसतो. त्यात दुखणे बसण्या-झोपण्याप्रमाणे बदलत नाही, ते रोज वाढत जाते आणि सोबत उलट्या, गुंगी किंवा वागण्यातला फरक असतो. तेव्हा ‘पॅच झाला आहे, आता काय होणार’ असे म्हणून थांबू नये. काही जणींचे डोके पुढे काही महिने अधूनमधून दुखत राहते. तसे झाले तर मेंदूविकारतज्ज्ञांना कार्डासह भेटावे.

पुढच्या बाळंतपणात एपिड्यूरल किंवा स्पायनल दोन्ही घेता येते आणि ते बहुधा व्यवस्थित लागू पडते. पुन्हा छिद्र पडण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते, एवढेच. नाव नोंदवतानाच भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या आणि हे कार्ड दाखवा. त्यावर सुई मणक्यांच्या कोणत्या जागी घातली होती, छिद्र कोणत्या जाडीच्या सुईने पडले, पॅच कोणत्या तारखेला आणि किती मिलिलिटरचा केला, हे लिहिलेले आहे ना, तेवढे आज एकदा पाहून घ्या. नसेल तर डॉक्टर अजून फोनवर सापडतात तोवर लिहून घ्या, आणि कार्डाचे छायाचित्र तिच्या व घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा.